एक वाजून दहा मिनिटांचं टेंगूळ

रेघबाईंकडे संगणकाची बिघडलेली स्क्रिप्ट घेऊन जायचं, तर आधी दोन शब्द ऐकून घ्यायची तयारी ठेवावी लागायची. गाद्यांच्या कारखान्याच्या मागच्या अंगाला तपासणीची खोली आहे, तिथे खिडकीपाशी त्यांचं टेबल. टेबलावर एक जुना संगणक, आलेखाच्या कागदांचा गठ्ठा आणि टोक काढून काढून बोटभर उरलेल्या पेन्सिली. कुणी लॅपटॉप पुढे सरकवून म्हणालं, "बाई, कर्व्ह फिट होत नाहीये, काहीतरी एरर येतोय," की बाई लॅपटॉपकडे बघायच्याच नाहीत. पेन्सिल पुढे करायच्या.

"आधी हाताने काढ. तुझ्या डोळ्यांना काय दिसतंय ते काढ. मग त्या डबड्याला बोल लावू."

ही त्यांची अटच होती. इंजिनिअर असो नाहीतर मालकाचा जावई असो, ठिपक्यांमधून स्वतःच्या हाताने रेघ काढल्याशिवाय बाई कीबोर्डला बोट लावायच्या नाहीत. म्हणून तर नाव पडलं रेघबाई. खरं नाव हजेरीच्या यादीत तेवढं उरलं होतं.

आता गादीच्या कारखान्यात रेघांचं काय काम, असं तुम्ही विचाराल. विचारा की. त्या खोलीत एक यंत्र आहे. माणसाच्या बुडाच्या आकाराचा एक जड लाकडी ठोकळा गादीवर बसतो, उठतो, बसतो, उठतो. ऐंशी हजार वेळा. कामगार त्याला 'पाहुणा' म्हणतात, कारण एकदा आला की चार-चार दिवस हलत नाही. पाहुणा हजार वेळा बसून उठला की गादीची जाडी मोजायची आणि आलेखावर एक ठिपका द्यायचा. असे ऐंशी ठिपके झाले की स्क्रिप्ट त्या सगळ्यांच्या जवळून जाणारी वळणदार रेघ शोधते, ती पुढे ओढते आणि सांगते, दहा वर्षांनी ही गादी किती दबलेली असेल.

एकदा एका नव्या इंजिनिअरची गादी दबायच्या ऐवजी फुगायला लागली. स्क्रिप्टचं म्हणणं, दहा वर्षांनी गादी छताला टेकणार. पोरगा तीन दिवस घामाघूम. प्रोग्रॅम काढून नवा टाकून झाला, संगणक बदलून झाला. शेवटी आला बाईंकडे. बाईंनी पेन्सिल दिली. त्याने मुकाट्याने उतरती रेघ काढली. मग बाई म्हणाल्या, "तुझा हात खाली जातोय, मग स्क्रिप्टला चढावर का सोडलंस?" झालं होतं एवढंच, की स्क्रिप्टला सुरुवातीचा अंदाज आपण द्यायचा असतो आणि याने त्यातलं उणे चिन्ह गाळलं होतं. "घर शोधायला पाठवलंस, तर निदान गल्ली तरी बरोबर सांग. भलत्याच गावात सोडतोस आणि वर म्हणतोस, घर सापडत नाही!" चिन्ह घातल्याबरोबर गादी निमूट खाली बसली. पोरगा पुढे तीन वर्षं बाईंना रोज नमस्कार करायचा.

दुसरा त्यांचा हट्ट 'उरलेल्या'चा. ठिपका आणि रेघ यांच्यात जे थोडं थोडं अंतर राहतं, त्याला बाई नुसतं 'उरलेलं' म्हणायच्या. बाकीचे लोक रेघ बघून खूश व्हायचे. बाई उरलेलं वेगळं छापायच्या, भिंतीला चिकटवायच्या आणि चहाचा कप हातात धरून त्याच्याकडे बघत बसायच्या. "रेघ काय, गोडच बोलते," त्या म्हणायच्या, "खरं काय ते उरलेलं बोलतं."

बाई काही हे शिकून आलेल्या नव्हत्या. अठराव्या वर्षी याच कारखान्यात गाद्यांना टाके घालायला लागल्या. तेव्हा तपासणीच्या खोलीतले म्हातारे साहेब हाताने आलेख काढायचे. त्यांचा हात कापायला लागला, तेव्हा त्यांनी विचारलं, "सगळ्यांत सरळ टाका कुणाचा?" आणि बाई सुईवरून पेन्सिलीवर आल्या. साहेब गेले, संगणक आला. बाईंनी त्याचं जाडजूड पुस्तक, शेजारी शब्दकोश ठेवून, एका हिवाळ्यात वाचून काढलं. पुढच्या हिवाळ्यात त्यातल्या चुका दाखवायला लागल्या.

घरी मात्र या कीर्तीचं कुणालाच काही नव्हतं. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ना, तसलंच. मुलगा जहाजावर नोकरीला, सहा-सहा महिने पाण्यावर. घरात माणसं तीन. बाई, शाळेची बस चालवणारे त्यांचे यजमान आणि सून. सासरेबुवा स्वभावाने थंड. बसमध्ये पन्नास पोरं बोंबलत असतात, त्यामुळे घरातल्या आवाजाने त्यांच्या कपाळावर आठीसुद्धा पडायची नाही. आणि सून म्हणजे हुशारीचं गाठोडं. विद्यापीठात पीएच.डी. करत होती, पाचवं वर्ष चालू होतं.

तिचं काम मोठं मजेशीर होतं. दिवे गेले की जिन्याच्या पायऱ्यांवर आपोआप चमकतात ना त्या पट्ट्या, त्यांची पूड ती बनवायची. दिव्याखाली पट्टी धरायची, पट्टी उजेड पिते. मग अंधारात न्यायची आणि तो उजेड कसा ओसरतो ते दर मिनिटाला यंत्राने मोजायचं. उजेड निम्मा व्हायला किती मिनिटं लागतात, तो आकडा काढायचा. चाळीस तऱ्हांची पूड, चाळीस आलेख. त्या आकड्यांवर तिचा सगळा प्रबंध उभा होता.

आणि तो आकडाच निघेना.

स्क्रिप्ट कधी म्हणायची, जमत नाही. कधी म्हणायची, उजेड निम्मा व्हायला उणे तीन मिनिटं लागतात. उणे तीन! म्हणजे दिवा घालवायच्या आधीच अंधार. सुनेने सूत्रात एक पद वाढवलं, मग आणखी एक, मग आणखी एक. शेवटी सात आकडे फिरवता येतील असं लांबलचक सूत्र झालं आणि रेघ एकदाची ठिपक्यांवरून गेली. पण प्रत्येक पट्टीला वेगळाच निकाल, एकाचा दुसऱ्याला मेळ नाही. तिच्या सरांनी आलेख बघितले आणि म्हणाले, "तुझी मोजमापंच खराब आहेत. फेकून दे आणि नव्याने कर."

नव्याने म्हणजे दीड वर्ष. आणि प्रबंध द्यायची शेवटची तारीख उरली होती एकवीस दिवसांवर. ती चुकली की नोंदणी रद्द, पाच वर्षं पाण्यात. दुसऱ्यांदा मुदत मागून झाली होती, तिसऱ्यांदा मिळत नाही.

त्या संध्याकाळी सून स्वयंपाकघरातल्या टेबलाशी लॅपटॉप उघडून बसली होती आणि ताटातलं सगळं तसंच होतं. बाई मागून आल्या, वाकून बघितलं आणि सवयीने म्हणाल्या, "हाताने काढून बघितलंस का गं?"

सुनेने डोळे मिटून घेतले. "आई, ते गादीसारखं नसतं हो."

बाईंना ते लागलं. चांगलंच लागलं. त्यांनी ताट उचललं, झाकून ठेवलं आणि आपल्या खोलीत गेल्या. यजमान पेपर वाचत होते. "अहो, ऐकलंत का? मी म्हणे गादीवाली." यजमान म्हणाले, "आहेसच की." त्यावर त्यांना जे ऐकावं लागलं ते इथे सांगण्यात अर्थ नाही.

दोन दिवस सासू-सुनेत अबोला. म्हणजे कामापुरतं बोलणं, तेही भिंतीकडे बघून. पण माणूस म्हणून बाई कशा ते सांगतो. अबोला घरातला, तो घरातच ठेवला. दुपारच्या सुट्टीत कारखान्यातून सुनेला "जेवलीस का?" एवढं विचारायला फोन लावायचा, हा त्यांचा दीड वर्षाचा नेम होता, तो या दोन दिवसांतही मोडला नाही. सून जरा वेळाने उलटा फोन करायची. "हो आई, जेवले." "बरं." संपलं.

तिसरा दिवस गुरुवार. गुरुवारी कारखान्याला सुट्टी. बाई सकाळी कपडे वाळत घालत होत्या, तर सून मागे येऊन उभी राहिली. डोळे सुजलेले. हातात लॅपटॉप आणि काखेत कागदांची चळत.

"आई, आज मी विद्यापीठात जात नाहीये."

"बरं."

"आई... पेन्सिल देता?"

बाईंच्या हातातला ओला टॉवेल तसाच खाली पडला. वाटलं होतं दोन शब्द सुनवावेत, चांगले तयार करून ठेवलेही होते. पण त्या पोरीचं तोंड बघून सगळे विसरल्या. "चल," म्हणाल्या, "आणि आधी चहा पी. रिकाम्या पोटी कुणाची रेघ सरळ येत नाही."

बाहेरची खोली मोकळी केली. टेबल भिंतीला लावलं, खुर्च्या गच्चीत नेल्या. यजमान सकाळची फेरी टाकून आले, त्यांना बाईंनी दारातच थांबवलं. "चपला काढा आणि कडेकडेने या. इथे काम चाललंय." मग सुनेने चाळीस आलेख फरशीवर मांडले आणि पहिल्या आलेखावर हाताने रेघ काढली. खाली उतरत गेली, सतराव्या मिनिटाला जराशी वर आली आणि पुन्हा उतरली.

"हे टेंगूळ का काढलंस?" बाईंनी विचारलं.

"ते आहेच ना, आई. जवळजवळ सगळ्यांतच आहे. म्हणून तर मी सूत्र वाढवत गेले."

"सात खुंट्या असल्या की भिंतीवर काहीही टांगता येतं. त्याने भिंत कळत नाही. चल, सहा काढून टाक. नाही, पाच काढ. सुरुवात आणि उतार, दोनच ठेव." मग स्क्रिप्ट उघडून बाईंनी सुरुवातीचे अंदाज बघितले आणि हसायलाच लागल्या. "अगं, हे कुणाचे आकडे?"

सून लाजली. सॉफ्टवेअरबरोबर जी नमुन्याची फाइल येते, तिच्यातले आकडे तिने कधी बदललेच नव्हते. ते होते कुठलंसं गरम पाणी थंड होण्याचे.

"म्हणजे इथेही गादीच!" बाई म्हणाल्या, आणि दोघी एकदम फिदीफिदी हसल्या. दोन दिवसांचा अबोला तिथेच संपला.

अंदाज बदलले. उणे मिनिटं गेली, स्क्रिप्ट शहाण्यासारखी वागायला लागली. पण टेंगूळ काही हटेना. बाईंनी चाळीसही आलेखांचं उरलेलं छापायला लावलं. छापताना शाई संपली, यजमान जाऊन घेऊन आले. बाई गुडघ्यांवर बसून फरशीभर रांगत होत्या. रेघेच्या दोन्ही बाजूंना सगळे ठिपके विखुरलेले आणि मध्येच एका ठिकाणी वर गेलेले. पण प्रत्येकाचं ठिकाण वेगळं. कुठे सतरावं मिनिट, कुठे बेचाळिसावं, कुठे पाचवं. पाच आलेखांत तर टेंगूळच नाही.

"पुडीचा दोष असता तर एकाच जागी आलं असतं," बाई स्वतःशीच बोलत होत्या. "हे फिरतंय. फिरतंय म्हणजे याला पाय आहेत. अगं, मोजायला कधी बसलीस ते लिहून ठेवलंयस का? घड्याळातली वेळ?"

सुनेच्या वहीत सगळं होतं. हुशार पोरगी, वही नेटकी. वही यजमानांच्या हातात दिली.

"वाचा."

"पहिली पट्टी. बारा त्रेपन्न."

"आणि टेंगूळ सतराव्या मिनिटाला. म्हणजे एक दहा. पुढे."

"बारा अठ्ठावीस."

"बेचाळिसावं मिनिट. एक... एक दहा!" बाईंचा आवाज चढला. "पुढे वाचा, पुढे!"

"एक पाच."

"पाचवं मिनिट! एक दहा! अगं बाई, सापडला! चोर सापडला!" बाई उठून उभ्याच राहिल्या, गुडघा धरून, पण चेहरा असा फुललेला की विचारू नका. "रोज एक वाजून दहा मिनिटांनी कुणीतरी तुझ्या त्या अंधाऱ्या खोलीत उजेड पाडतंय. दार उघडत असणार. तो शिपाई असेल! नाहीतर तुझे सर, चाललंय ना नीट म्हणून डोकावत असतील. स्वतः उजेड पाडायचा आणि वर म्हणायचं, मोजमापं खराब! मेला कोण आहे तो, एकदा माझ्यासमोर उभा कर. लोकांच्या पोरी पाच-पाच वर्षं राबतात आणि याला नेमकं एक दहाला कडमडायला सुचतं! अक्कल गहाण टाकली होती काय मेल्याने?"

सून हातातल्या कागदाकडे बघत होती आणि तिचे कान लाल झाले होते.

"काय गं? माहितीय तुला कोण ते?"

"नाही... असू दे ना आई. कळलं ना कधी येतं ते, तेवढं पुरे."

"पुरे काय? चोर सोडून द्यायचा?"

यजमान अजून वहीतच होते. त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर काढून घेतलं होतं आणि बोटाने काहीतरी जुळवत होते. "गंमत आहे," ते आपल्या थंड आवाजात म्हणाले. "ज्या पाचांत टेंगूळ नाही ना, ते पाचही गुरुवार आहेत."

"मग? गुरुवारी काय असतं?"

"गुरुवारी काय असणार? गुरुवारी तुझ्या कारखान्याला सुट्टी असते."

बाईंनी यजमानांकडे बघितलं, मग सुनेकडे. एक वाजून पाच मिनिटांनी कारखान्याचा भोंगा व्हायचा. हात धुवायला दोन मिनिटं. गच्चीवर जायला तीन, कारण खाली फोन लागत नाही.

"अगं..." बाईंनी कपाळावर हात मारला. "अगं, ती मेली मीच की गं!"

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. ती अंधारी खोली इतर वेळी दुसऱ्यांकडे असायची, सुनेला मिळायची ती लोकांच्या जेवणाच्या वेळात. जहाजावरून नवऱ्याचा फोन कधी येईल सांगता येत नाही, म्हणून मोबाईल ती जवळच ठेवायची, टेबलावर, पट्टीच्या हातभर अंतरावर. आवाज बंद करायची. दुसऱ्या कुणाचा फोन आला की उचलायची नाही, धक्का लागेल म्हणून हातही लावायची नाही. फोन आपोआप बंद होईपर्यंत अर्धं मिनिट पडदा उजळलेला असायचा.

"मला वाटायचं, आवाज नसला की झालं," सून रडकुंडीला येऊन म्हणाली. "एवढासा तर उजेड!"

"उजेड प्यायलाच बनवलीस ना ती पूड? मग ती पिणारच. तिला काय ठाऊक सासूचा आहे म्हणून?" बाई खाली बसल्या. त्यांचा आनंद कुठल्या कुठे गेला होता. ज्या पोरीसाठी जीव टाकला, तिचं दीड वर्ष आपणच रोज थोडं थोडं बिघडवत आलो, हे त्यांना गिळवेना. "मी तुझं वाटोळं केलं गं," त्या म्हणाल्या आणि त्यांच्या डोळ्यांना धार लागली.

सून त्यांच्या शेजारी फरशीवर बसली. दोघींच्या मध्ये एकोणचाळीस कागद, चाळिसावा बाईंच्या हातात. बाईंनी नाक पुसलं, चष्मा पुसला आणि रडता रडताच त्या कागदाकडे बघायला लागल्या, कारण उरलेलं समोर असताना न बघणं त्यांना जमतच नव्हतं. बघता बघता रडणं थांबलं.

"थांब जरा. टेंगळाच्या आधीचा उतार बघ. आणि नंतरचा बघ."

"सारखेच दिसतायत."

"सारखेच असणार! पूड तीच ना. फक्त तिला मध्ये पुन्हा एक घोट मिळाला. अगं, खराब कसली झालीत मोजमापं? गुरुवार सोडून प्रत्येक पट्टी दोनदा मोजली गेलीय! एकदा फोनच्या आधी, एकदा नंतर. स्क्रिप्टला सांग, एक दहाला अर्धं मिनिट उजेड आला. वेळ आपल्याला माहीत आहे, ती शोधायला लावू नकोस. पुढे-मागे उतार एकच धर. आणि फोनचं ते मिनिट गाळ."

सून लिहायला बसली. बाई शेजारी उभ्या राहून सांगत होत्या, मध्येच ती म्हणायची, "नाही आई, असं नाही, इथे कंस येतो," आणि बाई म्हणायच्या, "हो, हो, तुझंच बरोबर." दोनदा एरर आला. एकदा स्वल्पविराम राहिला होता, एकदा सुनेने मिनिटांच्या जागी सेकंद घातले होते. तिसऱ्यांदा पहिली पट्टी धावली आणि रेघ ठिपक्यांवर अशी जाऊन बसली की सुनेने तोंडावर हात ठेवला. उरलेलं छापलं. मोहरी सांडावी तसे ठिपके, टेंगूळ नाही, काही नाही. मग दुसरी पट्टी. मग तिसरी. दहाव्या पट्टीनंतर सून ओरडायला लागली, विसावीनंतर बाई टाळ्या वाजवायला लागल्या. यजमानांची दुपारची फेरी जवळ आली होती, पण ते दारात चपला हातात घेऊन उभे, "अजून किती राहिल्या?" विचारत. त्या दिवशी पन्नास पोरांना पाच मिनिटं उशिरा बस मिळाली. वीस वर्षांत पहिल्यांदा.

सरांना पटायला दोन दिवस लागले. पटल्यावर अंधाऱ्या खोलीत फोन नेल्याबद्दल त्यांनी सुनेला तासभर झापलं, ते बरोबरच होतं. मग म्हणाले, "आकडे चोख आहेत. पण कारण लिहिताना 'बाह्य प्रकाशस्रोत' एवढंच लिही." तिने तेवढंच लिहिलं आणि मुदतीच्या दोन दिवस आधी प्रबंध दिला.

तोंडी परीक्षा झाली चार महिन्यांनी, भर दुपारी. बाईंनी रजा टाकली होती. मागच्या बाकावर यजमान आणि त्या, मांडीवर डब्याची पिशवी, संपल्यावर तिघांनी मिळून जेवायचं म्हणून. परीक्षक मॅडम दुसऱ्या गावाहून आलेल्या, कडक. तासभर त्यांनी प्रश्नांवर प्रश्न विचारले, सुनेने धडाधड उत्तरं दिली. बाईंना त्यातलं निम्मं कळलं, पण आलेख आला की त्या मान डोलवायच्या. शेवटी मॅडमनी एक पान उघडून बोट ठेवलं.

"इथे तुम्ही लिहिलंय, रोज एक वाजून दहा मिनिटांनी बाह्य प्रकाशस्रोत. गुरुवार सोडून. हा स्रोत कोणता? हे मला नीट कळल्याशिवाय मी सही करणार नाही."

सुनेने सरांकडे बघितलं. सर छताकडे बघत होते.

"मॅडम," सून म्हणाली, "माझ्या सासूबाई रोज मला जेवलीस का विचारायला फोन करायच्या. फोनचा पडदा उजळायचा."

सगळा वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत. "रोज?"

"दीड वर्ष. गुरुवारी त्या घरी असतात, डबा स्वतःच भरून देतात, म्हणून गुरुवारी नाही."

"आणि जेवलेल्या असायचात का तुम्ही?"

सून खरं तेच बोलली. "नाही, मॅडम. खोली त्याच वेळात मिळायची. बाहेर येईपर्यंत कॅन्टीन बंद झालेलं असायचं. पण जेवले म्हणून सांगायचे. नाहीतर त्या काळजी करत बसल्या असत्या."

"काय?" मागच्या बाकावरून आवाज आला. बाई उभ्या होत्या. "दीड वर्ष? एकदाही नाही?"

"गुरुवारी जेवायचे, आई," सून तिथूनच म्हणाली.

आता मात्र मॅडम हसल्या. त्यांनी प्रबंध मिटला आणि निर्णयासाठी सगळ्यांना पंधरा मिनिटं बाहेर थांबायला सांगितलं.

बाहेर व्हरांड्यात लोक घोळक्याने कुजबुजत होते. बाईंनी सुनेचं मनगट धरलं, ओढत बाकापर्यंत नेलं आणि डबा उघडला. "बस. खा."

"आई, निकाल..."

"निकाल आत आहे, पळून जात नाही. दीड वर्ष मला फसवलंस, अं? आणि मी वेडी रोज 'बरं' म्हणून फोन ठेवत होते! माझ्यासमोर खा. मला बघू दे." बाई रागावल्या होत्या की रडत होत्या ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. यजमानांनी मुकाट्याने पाण्याची बाटली पुढे केली. सून खायला लागली. पहिला घास जेमतेम गेला, दुसरा मोठा घेतला, आणि मग अशी भूक लागली की ती वर बघेचना.

तेवढ्यात दार उघडलं. मॅडम हात पुढे करत थेट बाकापाशी आल्या. "अभिनंदन, डॉक्टर!"

सून ताडकन उठली. तोंड भरलेलं, गाल फुगलेले, डोळ्यांतून पाणी, शब्द एक नाही. मॅडमचा हात तसाच पुढे.

"थांबा हो बाई जरा," रेघबाई म्हणाल्या. "घास गिळू दे तिला."

आणि मॅडम थांबल्या.